तेजोमेघाचे रंग खरे की खोटे?

आकाशातल्या रंगीबेरंगी ढगांचे फोटो मोबाइलवर फिरतात, आणि आमच्या गटात हमखास विचारणा होते, हे रंग खरे का हो?

तेजोमेघ म्हणजे वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग. त्यात नवे तारे जन्मतात. हबल दुर्बिणीने 1995 साली गरुड तेजोमेघातल्या उंच खांबांचा फोटो घेतला, तो बहुतेकींनी पाहिला असेल. त्या दुर्बिणीने मात्र रंगीत फोटो काढलाच नव्हता! वेगवेगळे फिल्टर लावून काळे-पांढरे फोटो घेतले. एकात फक्त गंधकाचा प्रकाश, दुसऱ्यात हायड्रोजनचा, तिसऱ्यात ऑक्सिजनचा. एकाच जागेचे अनेक फोटो ताडून, तांदळातले खडे वेचावेत तसे नको ते ठिपके काढले. मग संगणकावर गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग देऊन सगळे एकावर एक बसवले.

हिरवा का? कारण गंधक आणि हायड्रोजन, दोघांचाही हा प्रकाश मुळात लालच. तसाच ठेवला असता तर कोणता वायू कुठे आहे ते वेगळं कळलं नसतं. म्हणून आम्ही याला खोटं म्हणणार नाही. रंग माणसाने दिला, ढगाचा आकार आणि वायूची जागा खरीच.

एक तेजोमेघ आपल्यालाही दिसतो. हिवाळ्यात, अंधाऱ्या रात्री, मृग नक्षत्राच्या मधल्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला बघा. फिकट, धुरकट ठिपका दिसेल, बिनरंगाचा.