ताडीची झाली टॉडी!

"मावशी, आज माझी पार फजिती झाली गं!" भाचीचा फोन होता. नर्स म्हणून उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात तिला जेमतेम आठवडा झाला होता. वॉर्डातल्या एक आजी तिला म्हणाल्या, 'आय नीड टू स्पेंड अ पेनी.' हिला वाटलं, आजींना काहीतरी विकत घ्यायचंय. ही लागली त्यांची पर्स शोधायला! आजींची चुळबुळ बघून दुसरी नर्स धावत आली. आजींना बाथरूमला जायचं होतं. पूर्वी तिथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दाराला पेनीचं नाणं टाकल्यावर उघडणारं कुलूप असे. कुलपं गेली, बोलणं राहिलं.

शनिवारी माझ्याकडे इंग्रजीला चार मुली येतात. दोघी डहाणूतल्याच, दोघी तलासरीहून एसटीने. भाचीने सांगितलेले शब्द मी त्यांना लिहून दिले. 'पुअरली' म्हणजे गरीब नव्हे, आजारी. 'क्विड' म्हणजे पाउंड. 'चिअर्स' म्हटलं की दरवेळी ग्लास उचलायचा नसतो, ते साधं थँक्यू असतं. उत्तरेकडे कोणी 'टी'ला बोलावलं तर जेवून जाऊ नका, ते संध्याकाळचं जेवणच असतं. कुणाच्या 'पँट्स'चं कौतुक तर मुळीच करू नका, तिकडे ती आतली चड्डी! आणि 'यू ऑल राइट?' म्हणजे आपलं 'काय, बरं ना?' त्यावर गुडघेदुखी सांगत बसायचं नाही.

सगळ्या हसल्या. तलासरीची एक मात्र गप्प. घरी वारली बोली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, आणि आता ही चौथी भाषा. म्हणाली, "बाई, माझं बोलणं ऐकून वर्गात हसायचे. आता इंग्रजीतही हसतील. मला नर्सिंगचा फॉर्मच नाही भरायचा."

काय बोलावं सुचेना. मग विचारलं, "तुमच्या पाड्यावर ताडाची झाडं आहेत ना?" आपली ताडी इंग्रजांनी उचलली आणि तिची 'टॉडी' केली. तिकडे सर्दी झाली की गरम पाण्यात व्हिस्की, मध, लिंबू घालून पितात, त्याला म्हणतात 'हॉट टॉडी'. ताडीचा थेंब नाही त्यात! आपल्या मुंगसाचा त्यांनी 'मंगूस' केला. डोकं फिरलेल्या माणसाला ते 'डूलॅली' म्हणतात. हे डूलॅली म्हणजे नाशिकजवळचं आपलं देवळाली! तिथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. नोकरी संपलेले गोरे सोल्जर मायदेशीच्या बोटीची वाट बघत तिथे महिनोन् महिने पडून राहायचे. उकाडा, रिकामपण, आजारपण. काहींचं डोकं फिरायचं, आणि नाव लागलं गावाला.

"म्हणजे बाई, तेपण आपले शब्द मोडून बोलतात?"

"मग काय! त्यांना कोण हसलं?"

मैत्रिणींनो, मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्याकडे जावं, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्या कोसबाडला करून दाखवलं. भाषेचंही तसंच असावं. मुलीला जे ठाऊक आहे, तिथून सुरुवात करावी. आणि शब्द अडला तर सरळ विचारावं, 'सॉरी, व्हॉट डू यू मीन?' माझी भाची आता तेच करते. न विचारता पर्स शोधण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

त्या मुलीने वहीत लिहिलं, 'टॉडी – आमची ताडी.' आणि जाताना आईचा अंगठा घ्यायला फॉर्म घरी नेला.