नव्या घरात ऊब कशाची?

परभणी म्हटले की लोकांना ४४-४५ अंशांचे ऊन आठवते. पण डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किमान तापमान २ अंशांपर्यंत उतरले होते. अशा रात्री वर्षात थोड्याच येतात. मात्र घरात वयस्क माणसे, बाळंतीण किंवा तान्हे मूल असेल, तर त्याच रात्री जड जातात. आम्ही घराचे काम काढले तेव्हा थंडीचाही हिशेब आधीच मांडला. तो वाचकांच्या कामी यावा म्हणून येथे देत आहोत.

सर्वांत आधी शेगडी. आपल्याकडे कोळशाची शेगडी खोलीत ठेवण्याची रीत जुनी आहे. जुन्या माळवदाच्या घरांत झरोके असत, दारांना फटी असत, हवा खेळत असे. आताच्या सरकत्या काचेच्या खिडक्या घट्ट बसतात. कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. रात्री झोपताना घरात आग पेटती ठेवू नये, अशी ताकीद हदीसमध्येही आहे. म्हणून बंद खोलीत शेगडी नकोच. गॅस गिझरही बाथरूमच्या आत न बसवता बाहेर मोकळ्या हवेत बसवावा.

विजेचा हीटर घ्यायला स्वस्त, चालवायला महाग. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट वीज खातो. रोज रात्री ६ तास चालवला तर ३० रात्रींचे ३६० युनिट होतात. शिवाय वापर वाढला की दरही वरच्या टप्प्यात जातो. असा हीटर जवळपास ९ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो, त्यामुळे साधे ६ अँपिअरचे सॉकेट चालत नाही. वायरिंग करतानाच एका खोलीत १६ अँपिअरचे सॉकेट आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे. झोपण्यापूर्वी अर्धा तास हीटर लावून बंद करावा. गोधडी, पडदे त्याच्यापासून दूर ठेवावेत.

उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल, तर 'हॉट अँड कोल्ड' प्रकाराची चौकशी करावी. तो बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो. त्यामुळे तेवढ्याच उबेसाठी हीटरपेक्षा बरीच कमी वीज लागते.

खरी रोजची गरज मात्र गरम पाण्याची. फजरच्या वेळी वुजू, मुलांची शाळेआधीची आंघोळ, भांडी-कपडे, हे सगळे थंड पाण्यात होते आणि खोकला-सर्दी वाढते असे घरोघरी ऐकू येते. १५ लिटरची बादली आंघोळीपुरती गरम करायला साधारण अर्धा युनिट लागतो. गच्चीवरचे सोलर हेच काम उन्हावर करते, आणि ऊन आपल्याकडे भरपूर आहे. ते दक्षिणेकडे तोंड करून, सावली पडणार नाही अशा जागी बसवावे. बोअरचे पाणी जड असेल तर आत क्षार साचतात, म्हणून वेळोवेळी सफाई करावी. गरम पाण्याचा पाइप प्लास्टर होण्याआधीच टाकून घ्यावा.

शेवटी फुकटची ऊब. डिसेंबरात दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर येतो. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा असला, तर हिवाळ्यातले ऊन आत येते आणि उन्हाळ्यातले अडते. आम्ही अम्मींची खोली याच बाजूला घेतली. दिवसभर खिडकी उघडी ठेवायची, ऊन उतरले की लावून जाड पडदा ओढायचा.

थंडीचे यंत्र नंतरही विकत आणता येते. खिडकी, पाइप आणि वायरिंग मात्र नकाशा हातात असतानाच मिस्त्रीला सांगावे लागते.