आंतड्यांतील पहारेकरी

आपल्या लहान आंतड्याचें अस्तर मखमलीसारखें असतें. त्यावर बोटांसारखे बारीक अंकुर असतात. अंकुरांना आच्छादणाऱ्या पेशींच्या ओळींत मधून मधून लिंफोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात. ह्या शरीराच्या पहारेकरीच होत. आंतड्याच्या आरंभीच्या भागांत शंभर आच्छादक पेशींमागें सुमारें २५ पर्यंत पहारेकरी असणें स्वाभाविक मानतात.

अतिस्थूल मनुष्याचें वजन उतरविण्याच्या एका शस्त्रक्रियेंत जठराचा लहानसा कप्पा करून तो लहान आंतड्याच्या मधल्या भागास जोडतात. त्या वेळीं आंतड्याचा एखादा तुकडा तपासणीस जातो, आणि कधीं कधीं अहवाल येतो कीं, अंकुर शाबूत आहेत, पण पहारेकरी अधिक आहेत.

हें वाचतांच संशय जातो तो सीलिअ‍ॅक रोगाकडे. ह्या रोगांत गव्हांतील ग्लूटेन आंतड्यास बाधतें, आणि गहूं जन्मभर वर्ज्य करावा लागतो. मार्श यांनीं १९९२ सालीं या रोगाच्या ज्या पायऱ्या लावल्या, त्यांतील पहिली हीच. परंतु वर्गांत मुलें अधिक दिसलीं, एवढ्यावरून तीं कशासाठीं जमलीं हें सांगतां येत नाहीं. जठरांतील हेलिकोबॅक्टर जंतु, वेदनाशामक गोळ्यांचें नित्य सेवन, आंतड्यांत जंतूंची अतिवाढ, यांनींही ही संख्या वाढते. शिवाय स्थूलता स्वतःच शरीरांत मंद दाह धुमसत ठेवते. ज्यांच्या रक्तांत सीलिअ‍ॅकची खूण नाहीं अशा स्थूल रुग्णांतही ह्या पेशी वाढलेल्या आढळल्या आहेत.

मग करावें काय? गहूं सोडण्याची घाई करूं नये. आधीं रक्तांतील प्रतिद्रव्यांची परीक्षा करावी; गहूं सोडल्यावर तीं ओसरतात आणि निकाल फसवा येतो. आयजीए हें प्रतिद्रव्य शरीरांत मुळांतच कमी आहे काय, हेंही पाहावें. डीक्यू२ व डीक्यू८ हीं दोन्ही आनुवंशिक चिन्हें नसतील, तर हा रोग जवळजवळ बादच होतो.

उलट, अहवालाकडे दुर्लक्ष करणेंही बरें नव्हे. या शस्त्रक्रियेनंतर लोह व कॅल्शियम यांचें शोषण आधींच घटतें. त्यांत खरा सीलिअ‍ॅक लपून राहिला, तर हानि दुहेरी होते. उगाच पोळी सोडणाऱ्याचा आहार मात्र विनाकारण अधिकच तोकडा होतो. तात्पर्य, सूक्ष्मदर्शक प्रश्न विचारतो. उत्तर रोग्याचा इतिहास, त्याचीं औषधें आणि त्याचें रक्त हीं मिळून देतात.