सह्याद्रीतील गिरिभ्रमण आणि मुक्काम : चोरीपासून संरक्षणाचा विचार

प्रस्तावना :

महाविद्यालयातील जिमखाना, राष्ट्रीय सेवा योजना तसेच भूगोल व इतिहास विभाग यांच्या वतीने सह्याद्रीतील गडकिल्ल्यांवर पदभ्रमण व अभ्याससहली आयोजित केल्या जातात. अशा उपक्रमांची पूर्वतयारी करताना कडे, पाऊस, सर्पदंश, पिण्याचे पाणी यांचा विचार होतो. चोरीचा विचार मात्र बहुधा एखादी वस्तू नाहीशी झाल्यानंतरच सुरू होतो. रात्रीचे अकरा वाजले आहेत, गडावर चाळीस विद्यार्थी आहेत, मोबाईलला रेंज नाही आणि एका तंबूतून कॅमेरा गेला आहे, अशा वेळी सोबतच्या प्राध्यापकाला काय करावे हे ऐनवेळी सुचणे अवघड असते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने हरिश्चंद्रगडाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. डोंगरातील सामानाची सुरक्षितता कुलपापेक्षा पायथ्याच्या गावाशी असलेल्या संबंधावर अधिक अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

चोरीच्या जागा :

दुर्गम डोंगर म्हटला की चोरीचे भय शिखरावर किंवा जंगलातील वाटेवर अधिक असेल, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुस्थिती बरीचशी याच्या उलट आहे. चोराला माल उचलून लवकर दूर जाता आले पाहिजे आणि गर्दीत मिसळता आले पाहिजे. तीन तासांची चढण चढून, तीच वाट पुन्हा उतरून एखादी सॅक नेणे हा फायद्याचा व्यवहार नव्हे. त्यामुळे धोका एकवटतो तो डोंगराच्या कडेला, म्हणजे रेल्वे स्थानक, बस स्थानक, जीपचा थांबा आणि गाड्या लावण्याची मोकळी जागा येथे. मुंबईहून रात्रीच्या शेवटच्या लोकलने कसाऱ्याला उतरणारा गट पहाटेपर्यंत फलाटावरच झोपतो. जीपच्या टपावर सामान बांधले जाते आणि वाटेत दोन ठिकाणी गाडी थांबते. खुबी फाट्याला उतरून धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरकडे चालत जाणारे आपली सॅक निदान पाठीवर तरी बाळगतात. मोटार घेऊन आलेले लोक मात्र ती गावाबाहेर झाडाखाली लावून, मागच्या आसनावर लॅपटॉपची पिशवी तशीच ठेवून दोन दिवसांसाठी निघून जातात. दोन रात्री एकाच जागी धूळ खात उभी असलेली गाडी मालक जवळपास नसल्याचे आपोआपच जाहीर करते.

दुसरी जागा म्हणजे गर्दीची मुक्कामस्थळे. हरिश्चंद्रगडावर जोडून आलेल्या सुट्यांमध्ये किंवा वर्षाखेरीस मंदिराच्या परिसरात व कोकणकड्याच्या पठारावर तंबूला तंबू लागतात. येथे कोणीच कोणाला ओळखत नाही. सायंकाळी सूर्यास्त पाहण्यासाठी सगळा तळ कड्याकडे जातो आणि पहाटे सूर्योदयासाठी तारामती शिखराकडे जातो. तळ कोणत्या वेळी रिकामा असतो हे सर्वांना ठाऊक असते. अशा ठिकाणी वस्तू गेली तर शेजारच्या तंबूतील शहरी पर्यटकाचा विचार कोणाच्या मनात येत नाही आणि संशय थेट वाडीतील पोरांवर जातो, ही खेदाची बाब आहे.

जेथे दुसरे कोणीच मुक्कामाला नसते अशा एकाकी जागी माणसापेक्षा जनावराचा उपद्रव अधिक होतो. माकडे आणि वानरे पाव, फळे व बिस्किटे यांच्या शोधात तंबूचे कापड फाडतात; पायथ्यापासून मागे आलेली कुत्री रात्री बाहेर ठेवलेला बूट ओढून नेतात. सकाळी एकच बूट नाहीसा झाला असेल तर चोर दोन पायांचा नाही हे निश्चित समजावे.

जागल, माग आणि गाव :

मराठी मुलखात चोरीचा प्रश्न पूर्वी कसा हाताळला जात असे, हे पाहणे येथे उद्बोधक ठरेल. गावाच्या रक्षणाची जबाबदारी पाटलाच्या हाताखालील जागल्यावर असे. हे काम अनेक ठिकाणी महारांकडे, तर पुणे-सातारा भागात विशेषतः रामोशांकडे होते. चोरी झाली तर जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढावा आणि तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवून द्यावा, असा रिवाज होता. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी त्या पुढच्या गावावर येई. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला त्या गावाला नुकसानभरपाईचा तगादा लागे. पेशवाईच्या अखेरीनंतर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने या प्रदेशाविषयी जो अहवाल लिहिला त्यातही ग्रामरक्षणाच्या या पद्धतीचे वर्णन आलेले आहे. या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते आणि जातीची उतरंड तर तिच्या मुळाशीच होती. तथापि तिच्यातील एक तत्त्व महत्त्वाचे आहे. वाटसरू गावाला माहीत असेल तर त्याच्या मालाची जबाबदारी गावावर येत असे.

या इतिहासाची दुसरी बाजूही शिक्षकाने जाणून घेतली पाहिजे. पुरंदरसारख्या गडाच्या रखवालीचे काम ज्या रामोशांकडे होते, त्यांचे हक्क गेल्यावर त्याच समाजातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजींना पुण्यात फाशी देण्यात आली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने देशातील अनेक समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ म्हणून ओळखले जाऊ लागले. कायद्याच्या पुस्तकातून शिक्का पुसला गेला असला तरी सहलीत पाकीट हरवल्यावर तो अजूनही कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडतो.

आज गावातील या व्यवस्थेचा दुवा म्हणजे पोलीस पाटील. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेली ही व्यक्ती गावातील गुन्ह्यांची माहिती पोलिसांना कळविते. पाचनई किंवा खिरेश्वर येथे पोहोचल्यावर प्रथम पोलीस पाटलांची भेट घेऊन गटातील व्यक्तींची संख्या, मुक्कामाची जागा व परतीची वेळ सांगावी. गाडी एखाद्या घराच्या अंगणात विचारून लावावी आणि त्याचे पैसे द्यावेत. वाटाड्या गावातीलच घ्यावा, एक जेवण तरी गावात किंवा गडावरील स्थानिकांच्या झोपडीवजा खानावळीत घ्यावे. पिठले-भाकरीचे चार पैसे वाचविण्यासाठी शहरातून डबे आणणारा गट रात्रीच्या अंधारात गावावरून निघून जातो. असा गट गावाला दिसलेलाच नसतो. मग त्याचे सामान गेले तर गावाने कोणाचा माग काढावा?

तंबू आणि कायदा :

तंबूतील चोरी ही कायद्याच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३८० मध्ये मानवी निवासासाठी किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरलेली इमारत, तंबू व जहाज यांचा एकत्रित उल्लेख होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये तो कायम आहे. त्यानुसार सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा होऊ शकते. साध्या चोरीसाठी कलम ३०३ मध्ये तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली गेली असेल, तर समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूदही याच कलमात आहे. विद्यार्थ्याच्या हातून असा प्रकार घडल्यास ही तरतूद प्राध्यापकाला माहीत असलेली बरी.

फिर्याद कोठे द्यावी हा प्रश्न हरिश्चंद्रगडावर विशेष बिकट होतो. गडाचा परिसर अहिल्यानगर, पुणे व ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. पाचनई अकोले तालुक्यात, खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, तर कोकणकड्याच्या तळाशी मुरबाड तालुका. हद्दीचे कारण सांगून तक्रारदाराला परत पाठविता येऊ नये यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट तरतूद आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत त्यावर स्वाक्षरी करावी लागते. याचा अर्थ, गट परतीच्या वाटेवर पोहोचला असला तरी तक्रार करण्याचा मार्ग बंद होत नाही.

मोबाईलच्या बाबतीत निघण्यापूर्वीची दहा मिनिटे निर्णायक असतात. *#०६# हा क्रमांक दाबल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याने सहलीच्या नोंदवहीत लिहावा. पोलिसांत तक्रार झाल्यावर ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावरून तो क्रमांक बंद करता येतो. ही सुविधा २०२३ पासून संपूर्ण देशात उपलब्ध आहे. डोंगरात एक अडचण आहे. फोन गेला हे कळले तरी रेंज नसल्याने सिम किंवा बँक खाते बंद करण्यास कित्येक तास जातात आणि तेवढ्यात चोर गावाच्या रेंजमध्ये पोहोचलेला असतो. म्हणून सिमला स्वतंत्र पिन आणि पैशांच्या ॲपला वेगळे कुलूप ही तजवीज घरूनच करून निघावे.

मुक्कामाची व्यवस्था :

तंबूच्या चेनला छोटे कुलूप लावण्याची पद्धत दिसते. कापड ब्लेडने कापता येते, आणि कुलूप लावल्याने आत काही मौल्यवान आहे एवढेच बाहेरच्याला कळते. त्यापेक्षा पैसे, फोन व गाडीची किल्ली स्लीपिंग बॅगच्या पायाकडील भागात ठेवावी, बूट आत घ्यावेत आणि सॅका एकमेकींना बांधून दोन माणसांच्या मध्ये ठेवाव्यात. रोख रक्कम दोघा-तिघांत विभागावी. खाण्याचे पदार्थ झोपण्याच्या तंबूत ठेवू नयेत. सूर्योदय पाहायला जाताना दोघांना तळावर थांबवावे किंवा सर्व सॅका ओळखीच्या खानावळीत मोजून द्याव्यात. विद्यार्थी संख्येने अधिक असतील तर दोन-दोन तासांचा पहारा लावावा. पहाऱ्याच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना रात्रीचे आकाशही पाहायला मिळते आणि ही जबाबदारी त्यांना सहसा आवडते.

संशयाचा प्रश्न :

वस्तू सापडेनाशी झाली की प्रथम गटातील सर्वांनी आपापल्या सॅका पूर्ण रिकाम्या कराव्यात, प्राध्यापकांनीही कराव्यात. अंधारात घाईने सामान भरताना एकाचा चार्जर दुसऱ्याच्या सॅकेत जाणे नेहमीचेच असते. त्यानंतरही वस्तू मिळाली नाही तर वाटाड्याला किंवा ज्याच्या घरी जेवण झाले त्याला जाब विचारू नये; पोलीस पाटलांना सांगावे. कोणाच्या घराची वा पिशवीची झडती घेण्याचा अधिकार प्राध्यापकाला नाही. खोटा आळ आलेल्या घरी पुढच्या गटाला पाणीसुद्धा मिळणार नाही आणि ज्या तरुणावर तो आला त्याचा वाटाड्याचा रोजगार जाईल. आळ विद्यार्थ्यावर आला तर त्याची पुढची तीन वर्षे त्याच वर्गात जायची असतात.

एक साधी गोष्ट मात्र सर्वांनी करावी. सॅकेच्या झाकणाच्या आतील बाजूस आपले नाव, महाविद्यालय आणि घरचा दूरध्वनी क्रमांक न पुसणाऱ्या शाईने मराठीत लिहावा. वाटेत पडलेली किंवा माकडाने ओढून दरीत टाकलेली वस्तू महिन्याभराने एखाद्या गुराख्याच्या हाती लागते. ती परत करण्याची त्याची इच्छा असते, पण कोणाला परत करायची हे वस्तूवर कोठेही लिहिलेले नसते.