त्रिकोणात अडकलेला संघ

गझल लिहिणारा माणूस अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर काय बोलणार, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तो रास्त आहे. आमच्या घरातही तो रोज सकाळी पडतो. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला दिसतो. त्या वेळी मी चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसलेला असतो आणि आतून आवाज येतो, "हरले का तुमचे?" तीन वर्षं या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असंच होतं. त्या तीन वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे.

त्याआधी माझा या खेळाशी काय संबंध, तेही सांगतो. शाळेच्या सुट्ट्यांत मी मुंबईला नागपाड्यात मामूंकडे जात असे. नागपाडा म्हणजे मुंबईच्या बास्केटबॉलचं माहेरघर. नागपाडा नेबरहूड हाऊस, मस्तान तलावाचं मैदान; भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातले. आम्ही पोरं तिथे संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घ्यायचो. आम्हाला शिकवणारे एक गृहस्थ सारखे ओरडायचे, "पहले देख, फिर दे!" चेंडू हातात आला की आधी बघ, मग पास दे. पुढे खेळ सुटला, बी.ए. झालो, कवितेच्या नादी लागलो. पण हे वाक्य डोक्यात राहिलं. आज ज्या डावपेचाबद्दल बोलायचं आहे, तो सगळा या चार शब्दांवर उभा आहे.

न्यूयॉर्क निक्स हा जुना, श्रीमंत आणि अतिशय लाडका संघ. १९७० आणि १९७३ साली तो अजिंक्य ठरला होता. १९७३च्या त्या संघात फिल जॅक्सन नावाचा लांब हातांचा खेळाडू होता. हेच जॅक्सन पुढे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी शिकागो बुल्सला सहा आणि लॉस एंजेलिस लेकर्सला पाच अशी अकरा विजेतेपदं मिळवून दिली. मार्च २०१४मध्ये निक्सनी त्यांना संघाचं अध्यक्ष केलं. घरचा माणूस, अकरा विजेतेपदं गाठीला. न्यूयॉर्ककरांना वाटलं, आता काळजी मिटली.

जॅक्सन यांच्या यशामागे एक आक्रमणपद्धती होती. तिला 'ट्रँगल ऑफेन्स' म्हणतात, आपण त्रिकोण म्हणू. तिचं मूळ सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅम बॅरी या प्रशिक्षकाकडे जातं. तिला पक्का आकार दिला त्यांचे शिष्य टेक्स विंटर यांनी. विंटर यांनी १९६२ साली तिच्यावर पुस्तकच लिहिलं आणि पुढे शिकागोत आणि लॉस एंजेलिसमध्ये ते जॅक्सन यांचे सहायक होते.

हा त्रिकोण असतो कसा? पाच खेळाडूंपैकी तिघे कोर्टच्या एका बाजूला उभे राहतात. एक बास्केटजवळ, बास्केटकडे पाठ करून; त्या जागेला पोस्ट म्हणतात. दुसरा कोपऱ्यात. तिसरा बाजूच्या रेषेच्या आत, विंगवर. तिघांमध्ये साधारण पंधरा ते अठरा फुटांचं अंतर. उरलेले दोघे दुसऱ्या बाजूला. समजा, चेंडू विंगवर आहे. तिथून तो पोस्टमध्ये देता येतो, कोपऱ्यात देता येतो, वर परत देता येतो किंवा पलीकडच्या दोघांकडे फिरवता येतो. कुठे द्यायचा हे कोच बाहेरून ओरडून सांगत नाही. समोरचा बचाव सांगतो. बचावपटू पासच्या वाटेत आडवा आला, तर त्याच्या पाठीमागून बास्केटकडे पळ. तो मागे सरकला, तर तिथूनच फेक. एकाने एक वाट धरली की बाकीच्या चौघांनी काय करायचं, तेही ठरलेलं असतं. म्हणजे पाचही जणांनी बचाव एकाच वेळी, एकसारखा वाचायला हवा. चौघांनी बरोबर वाचला आणि पाचव्याने चुकीचा, तर चेंडू प्रेक्षकांत जातो. जमलं तर हे आक्रमण थांबवणं महाकठीण. पण जमायला वेळ लागतो.

आणि वेळ हीच गोष्ट या लीगमध्ये मिळत नाही. ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत ब्याऐंशी सामने, शिवाय विमानप्रवास. पुरता सराव करायला मोकळे दिवस किती उरणार? रियाज मैफिलीतच करायचा, असा प्रकार.

जॅक्सन यांना स्वतः बाकावर बसायचं नव्हतं. प्रशिक्षक म्हणून त्यांची पहिली पसंती स्टीव्ह कर यांना होती. कर हे शिकागोत त्यांच्या हाताखाली त्रिकोण खेळलेले, तीन विजेतेपदं जिंकलेले. पण त्यांनी कॅलिफोर्नियातल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचं बोलावणं स्वीकारलं. मग जॅक्सन यांनी लेकर्समधला आपला जुना खेळाडू डेरेक फिशर याला घेतलं. फिशर खेळाडू म्हणून शेवटचा सामना खेळला त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. त्याच जूनमध्ये बचावाचा कणा असलेला टायसन चँडलर डल्लासला देऊन टाकला आणि बदल्यात आलेल्यांत होझे काल्देरोन हा बुद्धिमान, नेमबाज, पण बचावात सावकाश असा गार्ड होता.

निकाल असा: २०१४-१५च्या हंगामात निक्सनी १७ सामने जिंकले आणि ६५ हरले. संघाच्या तोपर्यंतच्या इतिहासातली ही सगळ्यात वाईट कामगिरी. त्यात ओळीने सोळा पराभव, त्यातला एक तर लंडनला जाऊन. एक वेळ अशी होती की पाच विजय आणि छत्तीस पराभव. त्याच हंगामात स्टीव्ह कर यांच्या वॉरियर्सनी ६७ जिंकले, १५ हरले आणि ते अजिंक्य झाले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी आकडेवारीची पानं वाचतो आहे. असे दोन आकडे एकमेकांसमोर उभे राहिलेले पाहिले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, फिशर नवखा होता. पण कर यांनीही त्याआधी प्रशिक्षक म्हणून एकही सामना हाताळला नव्हता. दोघेही जॅक्सन यांचे शागीर्द, दोघेही त्रिकोण कोळून प्यायलेले. कर यांच्याकडे स्टीफन करी होता, हे खरंच, आणि तसा खेळाडू रोज जन्माला येत नाही. पण जवळपास त्याच खेळाडूंनी आदल्या वर्षी ५१ सामने जिंकले होते. मधे जे सोळा सामने वाढले, त्यांचा काही हिशेब प्रशिक्षकाकडे लागतो.

कर यांनी आधी आपल्या पोरांकडे पाहिलं. करी लांबून फेकतो, चेंडू घेऊन आडोशामागून निसटतो. ते तसंच ठेवलं. त्यात त्रिकोणातले आपल्याला हवे तेवढे तुकडे घातले, सॅन अँटोनियोत शिकलेली चेंडू फिरवण्याची रीत घातली, फिनिक्समध्ये व्यवस्थापक असताना पाहिलेला वेग घातला. न्यूयॉर्कमध्ये क्रम उलटा होता. पद्धत आधी ठरली होती, माणसं नंतर तिच्यात बसवायची होती.

ती न बसण्याची कारणंही होती. एक म्हणजे नियम. २००१ साली या लीगने क्षेत्ररक्षणाचा बचाव खुला केला. त्याआधी प्रत्येक बचावपटूला आपापल्या माणसाला धरूनच राहावं लागे. नव्या नियमाने दुसऱ्या बाजूचे बचावपटू आत सरकून पोस्टमधल्या माणसाभोवती गर्दी करू लागले, आणि त्रिकोणाचं तर एक टोक तिथेच! तरीही जॅक्सन यांच्या लेकर्सनी २००९ आणि २०१०ला विजेतेपद जिंकलं, हे विसरून चालणार नाही. पण तिथे कोबी ब्रायंट होता आणि पोस्टमधून पास देणारा पाउ गॅसोल होता. निक्सकडे तसा पोस्ट नव्हता.

दुसरं कारण साध्या गुणाकाराचं आहे. बास्केटपासून मधल्या अंतरावरून शंभर फेकी केल्या आणि चाळीस पडल्या, तर गुण होतात ऐंशी. तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभर केल्या आणि पस्तीसच पडल्या, तरी एकशे पाच. हा हिशेब सगळ्यांना कळायला बरीच वर्षं लागली. जॅक्सन यांच्या शिकागोतल्या शेवटच्या हंगामात, म्हणजे १९९७-९८ला, एक संघ सामन्याला सरासरी १३च्या आसपास अशा फेकी करत असे. २०१४-१५ला तो आकडा २२ झाला आणि २०१६-१७ला २७. त्रिकोणातून मिळणाऱ्या फेकी मात्र बऱ्याचदा त्या मधल्या अंतराच्याच असत. मे २०१५मध्ये जॅक्सन यांनी ट्विटरवर या लांब फेकीच्या संघांविषयी शंका घेतली. पुढे उपांत्य फेरीत पोहोचलेले चारही संघ, गोल्डन स्टेट, ह्युस्टन, क्लीव्हलँड आणि अटलांटा, लांब फेकीवर भर देणारेच होते.

सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट पुढेच आहे. निक्सना ही नवी रीत आधीच सापडली होती. २०१२-१३ला माइक वुडसन प्रशिक्षक असताना कार्मेलो अँथनीला बास्केटजवळच्या फॉरवर्डच्या जागी खेळवून, भोवती नेमबाज उभे करून या संघाने ५४ सामने जिंकले होते आणि तीन गुणांच्या ८९१ फेकी यशस्वी करून लीगचा त्या वेळचा विक्रम केला होता. पुढच्या वर्षी घसरण झाली, वुडसन गेले, आणि घरात असलेली वस्तू माळ्यावर टाकून दिली गेली.

अँथनीबद्दल मला माया आहे, हे आधीच कबूल करतो. चेंडू हातात घेऊन, समोरच्याला दोन-तीन वेळा हुलकावणी देऊन, मधल्या अंतरावरून तो जी फेक करायचा ती पाहत राहावी अशी होती. पण तो चेंडू धरून ठेवायचा, आणि त्रिकोणात चेंडू थांबला की बाकीचे चौघे पुतळे होतात. दुसरीकडे २०१५ला चौथ्या क्रमांकाने निवडलेला लॅटव्हियाचा क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस, सव्वासात फूट उंच आणि तरीही तीन गुणांच्या रेषेबाहेरून सहज फेकणारा. अशा मुलाचा उपयोग साधा आहे: त्याने चेंडूवाल्याच्या बचावपटूला आडोसा द्यायचा आणि मग बाहेर सरकून मोकळं व्हायचं. हे काम त्याला मिळे, पण ते संघाचा पाया कधी झालं नाही.

फेब्रुवारी २०१६मध्ये फिशरला काढलं, कर्ट रॅम्बिस यांच्या हाती उरलेला हंगाम दिला. मग जेफ हॉर्नासेक आले. त्यांची ओळख वेगवान खेळाची. त्यांच्या हाती डेरिक रोझ दिला, जो चेंडू घेऊन सरळ बास्केटकडे घुसणारा गार्ड. त्रिकोणात गार्डने चेंडू सोडून कोपऱ्याकडे पळायचं असतं. सुरुवातीला हॉर्नासेक यांनी थोडं हे, थोडं ते असं चालवलं आणि डिसेंबरपर्यंत संघ बरा होता. मग पराभव सुरू झाले, हंगामाच्या उत्तरार्धात त्रिकोण परत आला, आणि जॅक्सन स्वतः सरावाला येऊन गार्डना धडे देऊ लागले. प्रशिक्षक एक आणि पद्धत दुसऱ्याची. अशा वेळी खेळाडू कोणाकडे बघणार?

इथे मला माझी एक गोष्ट सांगावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी गझलेच्या कार्यशाळेत एक मुलगा आला होता. आईच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेला. त्याच्या ओळी त्याच चालीच्या, मोकळ्या, थोड्या लांबलेल्या, पण जिवंत. मी त्याला म्हटलं, बेटा, हे सगळं वृत्तात बसव, काफिया-रदीफ नीट सांभाळ. मला माझ्या उस्तादांनी तसंच घडवलं होतं. तीन महिन्यांनी त्याने गझल आणून दाखवली. लघु-गुरू बिनचूक होते. मी खूष होऊन शाबासकी दिली. त्या गझलेत त्याची आई कुठेच नव्हती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर तो आला नाही आणि त्याने लिहिणं सोडलं असं कानावर आलं. एका सकाळी हॉर्नासेक यांचा संघ हरताना बघत असताना, रोझ चेंडू देऊन कोपऱ्यात जाऊन उभा राहिलेला दिसला, आणि तो मुलगा आठवला.

जॅक्सन यांची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. ज्या गोष्टीने आयुष्यभर हात दिला, तिच्यावर माणूस संशय घेत नाही. पण हिशेब मांडायचा तर तीन पूर्ण हंगामांत ८० विजय आणि १६६ पराभव. एप्रिल २०१७मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की अँथनीने दुसरीकडे जावं हे बरं. हंगाम संपल्यावरच्या बैठकीला पोर्झिंगिस गेलाच नाही. जूनअखेर जॅक्सन आणि निक्स वेगळे झाले; पाच वर्षांच्या करारातली जवळजवळ दोन वर्षं उरली होती. सप्टेंबरमध्ये अँथनी ओक्लाहोमाला गेला.

त्रिकोण मात्र पुरता मेला नाही. वॉरियर्सचा एखादा जुना सामना मिळाला तर बघा. चेंडू पोस्टमधल्या माणसाकडे जातो. लगेच बाहेरचे दोघे एकमेकांच्या दिशेने पळतात, एक दुसऱ्याला आडोसा देतो, आणि त्या क्षणी बचावपटू कोणाच्या मागे गेला ते पाहून एक बास्केटकडे सुटतो, दुसरा रेषेबाहेर. पोस्टमधला माणूस थांबून दोघांकडे बघतो आणि मग पास देतो. तो तुकडा टेक्स विंटर यांच्या त्रिकोणातला आहे.