तांब्याच्या देशातली तबकडी

आफ्रिकेचे संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ढोल येतात, पिसांचे तुरे येतात, शेकोटीभोवतीचा नाच येतो. सिनेमाने आपल्याला एवढेच दाखवले, त्याला आपण तरी काय करणार! पण १९७५ साली झांबियात निघालेली ‘आफ्रिका’ नावाची लाँगप्ले तबकडी एकदा लावून पाहा. ढोलाच्या अपेक्षेने कान टवकारून बसाल आणि ऐकू येईल ती विजेवर चालणारी गिटार. तीही साधी नव्हे, चांगली गुरगुरणारी. ही तबकडी काढणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव अमानाझ. हे काही माणसाचे किंवा गावाचे नाव नाही, बरं का. एका इंग्रजी वाक्यातली आद्याक्षरे जुळवून ते तयार केले आहे, आणि त्या वाक्याचा अर्थ असा : ‘झांबियातल्या चांगल्या कलावंतांबद्दल मला विचारा.’ दैवदुर्विलास असा, की पुढे सुमारे तीस वर्षे बाहेरच्या जगाने फारसे काही विचारलेच नाही. मग एकविसाव्या शतकात ही दुर्मिळ तबकडी पुन्हा निघाली. मधल्या काळात काय घडले, आणि तबकडी पुन्हा निघाली म्हणजे नेमके काय परत मिळाले, हे आज पाहायचे आहे.

प्रथम हे संगीत कोणत्या जातीचे ते समजून घेऊ. त्याला सायकेडेलिक रॉक म्हणतात. हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९५० नंतरच्या दशकात ‘मन’ आणि ‘प्रकट करणे’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून हा शब्द बनवला. तेव्हा त्याचा संबंध भ्रम निर्माण करणाऱ्या औषधांशी होता. संगीतात मात्र त्याचा अर्थ एवढाच घ्यावा, की ओळखीचा ध्वनी मोडून तो स्वप्नात ऐकल्यासारखा करायचा.

हे साधते कसे? दोन युक्त्या मुख्य. गिटारच्या तारेचे कंपन विजेच्या लहरीत उतरते. ही लहर यंत्राला झेपणार नाही इतकी वाढवली, की तिचे शेंडे छाटले जातात आणि गोल, गुळगुळीत सूर फाटून भुंग्यासारखा घोंघावू लागतो. यालाच ‘फझ’ म्हणतात. तंबोऱ्याचा सूर कोरडा न राहता गुंजत राहावा म्हणून आपण जवारी लावतो, ते आठवा. रीत अगदी निराळी. पण सुराला गुंजन देण्याची ओढ तीच. दुसरी युक्ती घुमाऱ्याची. विहिरीत वाकून हाक मारली म्हणजे आपलाच आवाज भिंतींवर आपटून, लांबून आल्यासारखा परत येतो. ध्वनिमुद्रणात हाच परिणाम यंत्राने करता येतो.

‘आफ्रिका’ तबकडीत हा घुमारा मोठा मजेदार ठरला आहे. ती झांबियात दोन रूपांत निघाली होती. एका रूपात गाणी कोरडी आहेत. वादक चार हातांवर बसून वाजवीत आहेत असे वाटावे. दुसऱ्या रूपात तीच गाणी घुमाऱ्यात बुडवून काढलेली. वादन तेच, कंठ तेच, फक्त मिश्रण वेगळे. लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने पुनःप्रकाशन करताना दोन्ही रूपे शेजारी शेजारी ठेवली. एकामागून एक ऐकली म्हणजे ध्वनिमुद्रण ही नुसती नोंद नसते, त्यात कुणीतरी केलेली निवड असते, हे न शिकवता कळते.

आता तुम्ही विचाराल, हे सारे झांबियात आले कोठून? दोन वाटांनी आले : एक तांब्याची, दुसरी नभोवाणीची.

झांबिया म्हणजे पूर्वीचा उत्तर ऱ्होडेशिया. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी तो स्वतंत्र झाला आणि केनेथ कौंडा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. देशाच्या निर्यातीच्या उत्पन्नातले नऊ दशांशाहून अधिक उत्पन्न एकट्या तांब्याचे. किटवे, चिंगोला, मुफुलिरा ही गावे खाणींभोवती वाढली. तिथे नाना जमातींचे लोक एकत्र आले, हाती रोख पगार आला, शाळा आल्या, क्लब आले. खाणकामगारांच्या मुलांना गिटारी दिसू लागल्या, कुठे कुठे मिळूही लागल्या.

नभोवाणीची वाट तर त्याहून जुनी. १९४९ साली लुसाका केंद्राच्या श्रोत्यांसाठी एक स्वस्त, बॅटरीवर चालणारा रेडिओ निघाला. किंमत पाच पौंड. आकार थेट पातेल्यासारखा, म्हणून त्याचे नावच ‘सॉसपॅन स्पेशल’ पडले! त्याच केंद्रावर ॲलिक न्खाटा नावाचा गुणी गायक-निवेदक काम करी. गावोगावची गाणी मुद्रित करून त्याने ती श्रोत्यांना ऐकवली आणि गिटारच्या साथीने स्वतःही गायिला. तेव्हा परदेशी वाद्य आणि देशी भाषा यांची सोयरीक या पोरांनी जमवली असे नाही. ती आधीच जमली होती.

पुढे कौंडांनी फर्मान काढले, की नभोवाणीवरचे ९५ टक्के संगीत स्वदेशी असावे. सरकारला कदाचित लोकगीते अभिप्रेत असतील. पण रोलिंग स्टोन्स आणि जिमी हेंड्रिक्स ऐकून तयार झालेल्या पोरांनी स्वदेशी म्हणून जे दिले, ते होते झांबियाचे रॉक, म्हणजेच ‘झॅमरॉक’. गाणी इंग्रजीत होती, तशीच बेंबा, न्यांजा अशा तिथल्या भाषांतही होती. फर्मानांची गत अशीच असते. आपल्याकडे १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरच्या सिनेगीतांना आळा बसला; श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवली, आणि १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. दार लावले की पाणी दुसरी वाट शोधते. झांबियात ती वाट घरातूनच निघाली, हे तिथले भाग्य.

या पिढीतला सर्वांत गाजलेला वाद्यवृंद ‘विच’. नावाचा सरळ अर्थ चेटकीण. पण इथेही आद्याक्षरांची करामत आहेच. ‘हलकल्लोळ माजवण्याचा आमचा बेत आहे’, असे ते इंग्रजी वाक्य. त्यांची पहिली तबकडी १९७२ सालची, ‘लेझी बोन्स’ ही १९७५ सालची. गायक इमॅन्युएल चांडा याला लोक मिक जॅगरवरून ‘जगारी’ म्हणू लागले.

आणि मग हे सगळे विझले. १९७४ च्या एप्रिलात तांब्याचा भाव शिखरावर होता. वर्ष संपेपर्यंत तो निम्म्याहूनही खाली आला. ज्या देशाचा एकच खांब, तो खांब खचला. शेजारच्या ऱ्होडेशियातल्या युद्धाची झळ पोचली, रात्रीची संचारबंदी आली, आणि रात्रीच्या जलशांवर पोट भरणारे वादक दुपारी वाजवू लागले. ॲलिक न्खाटा निवृत्तीनंतर शेती करीत होता. १९७८ साली ऱ्होडेशियन फौजांच्या हल्ल्यात तो मारला गेला. तबकड्यांची जागा कॅसेटींनी घेतली, त्यांच्या चोरट्या नकला झाल्या. पुढे एड्सची साथ आली आणि एका पिढीतले अनेक वादक तिने नेले. ‘विच’च्या मूळ संचातला जगारी तेवढा उरला. तो शिक्षक झाला, पुढे रत्नांच्या खाणीत नशीब अजमावू लागला.

इकडे परदेशात शौकीन लोक या जुन्या तबकड्यांना शेकडो, प्रसंगी हजारो डॉलर मोजू लागले. पण लक्षात घ्या, जुनी तबकडी हातोहात विकली जाते तेव्हा वादकाला एक छदामही मिळत नाही. रीतसर पुनःप्रकाशनाची गोष्ट निराळी. मूळ ध्वनिफीत सापडली तर तिच्यावरून, नाहीतर सर्वांत कमी झिजलेल्या तबकडीवरून नवे मुद्रण करतात. खरखर काढतात, पण इतकी नाही की सुराचीही साल निघावी. हे झाले यंत्राचे काम. त्याहून कठीण काम माणसांचे : वादक कोण, कुठे आहेत, हयात नसतील तर वारस कोण, हे शोधून करार करणे आणि त्यांची हकीगत लिहून घेणे. एवढे केले नाही, तर पुनःप्रकाशन म्हणजे नुसती चांगल्या कागदात गुंडाळलेली चोरी.

‘विच’च्या बाबतीत या शोधाचे फळ डोळ्यांना दिसले. २०१२ साली त्यांच्या तबकड्या एका संचात पुन्हा निघाल्या. २०१९ साली त्यांच्यावर अनुबोधपट आला. साठी ओलांडलेला जगारी नव्या साथीदारांसह युरोपात गायिला, आणि २०२३ साली ‘झांगो’ ही नवी ध्वनिमुद्रिका आली. मूळ संचातले साथीचे गडी मात्र परत आले नाहीत. ते कुठल्याही यंत्राला आणता यायचे नाहीत.

‘आफ्रिका’ तबकडीतल्या शेवटच्या गाण्याचे नाव आहे ‘काले’. बेंबा आणि न्यांजा या दोन्ही भाषांत त्याचा अर्थ ‘फार पूर्वी’. ती ऐकाल तेव्हा नुसती नवलाई म्हणून ऐकू नका. झांबियातल्या कलावंतांबद्दल विचारा, असे त्या मुलांनी आपल्या नावातच सांगून ठेवले होते. उशिरा का होईना, विचारावे. आणि आपल्याही गावात कुणी म्हातारा पेटीवाला, कुणी शाहीर, कुणी क्लॅरिनेटवाला असेल, तर त्याला मात्र वेळेवर विचारावे.