मोटारीचा गळा दाबू नका!

पाणी जास्त झालं की व्हॉल्व्ह आवळायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. ती मला कधीच पटली नाही. पन्नास हर्ट्झवर दोन पोलची सबमर्सिबल मिनिटाला 2850च्या आसपास फेरे घेते. तिला पूर्ण जोरात पळवायचं आणि वर तिचाच गळा दाबायचा, हा कुठला न्याय?

ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, मोटारीचा वेगच बदलतो. आलेला एसी आधी डीसी होतो. मग आयजीबीटी नावाचे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत त्या डीसीचे तुकडे पाडतात आणि मोटारीला हव्या त्या फ्रीक्वेन्सीचा एसी मिळतो. नुसती फ्रीक्वेन्सी उतरवून भागत नाही. व्होल्टेज तेवढंच राहिलं तर गाभ्यात चुंबकत्व मावत नाही आणि मोटार तापते. म्हणून दोन्ही सोबत उतरतात: 50ला 415 व्होल्ट, 40ला 332, 25ला 207. सुरुवात कमी फ्रीक्वेन्सीने होते, त्यामुळे थेट स्टार्टरवरचा सहा-सातपट करंटचा दणकाही टळतो. टेस्लाच्या मोटारीची पेटंटं 1888ची. तिला स्वस्तात आवरणारे स्विच मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस आले. इतिहास एवढा पुरे.

आता माझा लाडका विषय. पंख्याचा किंवा फिरत्या पाण्याच्या पंपाचा वेग 80 टक्के केला तर वीज लागते 51 टक्के, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे घटते. विक्रेते हाच आकडा सगळीकडे मिरवतात. विहिरीवर मात्र तो जसाच्या तसा लागू होत नाही. समजा पाणी 30 मीटर खोल आहे आणि पंप पूर्ण वेगाने जास्तीत जास्त 45 मीटर चढवू शकतो. वेग 80 टक्के केला की चढ वेगाच्या वर्गाने घटून 29 मीटरवर येतो. मोटार फिरते, वीज खाते, पण पाणी विहिरीच्या तोंडाशीही पोचत नाही!

सौरपंपाबाबतची एक तक्रारही इथेच सुटते. "भाऊ, ऊन पडलं, मोटार घुमते, मग पाणी का नाही?" सौरपंपाचा कंट्रोलरही मुळात ड्राइव्हच, पॅनेलला जेवढं ऊन, तेवढाच वेग तो देतो. वरच्या हिशोबात 41 हर्ट्झच्या खाली थेंब येणार नाही. सकाळच्या उन्हात पाइपावर हात ठेवून डिस्प्लेकडे बघत बसा. आकडा चढत जातो आणि ती हद्द ओलांडली की पाइप थरथरतो, पाणी येतं. हे बघत बसायचा मला कधीच कंटाळा येत नाही.

साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, म्हणजे ऊन साक्री तालुक्याला नवं नाही. आणि पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत तर मोटारीविनाच चालते: बंधारा, पाट, पाटकरी आणि पाण्याचा स्वतःचा उतार. तिच्यापुढे कुठलाही ड्राइव्ह फिकाच, हे माझं प्रामाणिक मत.

ड्राइव्हचं खरं चीज होतं ते मागणी बदलत राहते तिथे: ठिबकला आज एक व्हॉल्व्ह, उद्या चार, किंवा कारखान्यातला पंखा. लांब केबलच्या सबमर्सिबलला तो लावताना आउटपुट चोक आणि चांगलं अर्थिंग विसरू नका, नाहीतर व्होल्टेजचे झटके वाइंडिंग खातात. आणि एकाच विहिरीतून, एकाच शेताला, रोज सारखंच पाणी द्यायचं असेल तर ड्राइव्हवर पैसे घालू नका. खोली मोजून योग्य मापाचा पंप घ्या.